संध्याकाळी सहाचा ठिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, थोरल्या भावाला नाही — अण्णाला तर मी बसमध्ये चप्पल तुटली तरी घरी येऊन सांगत असे — आणि ज्यांच्या हाताखाली नोकरीची बरीच वर्षं गेली त्या सुपरिंटेंडेंट बाईंनाही नाही. देवापुढेही बोलले नाही. त्याला माहीत असणारच, आणि ज्याला माहीत आहे त्याला सांगण्यात कसलं आलंय धैर्य? तुम्हाला माहीत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

एका ठिपक्याची गोष्ट आहे. कागदावरचा ठिपका, निळ्या शाईचा, मोहरीएवढा. तो मी घातला — नाही, थांबा. ठिपका नंतर येतो. आधी बाकीचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ठिपक्याचं काय घेऊन बसलीस?

मी नर्स. पुढे नर्सिंग शिकवणारी झाले. आमचं घर बेंगळुरात, चामराजपेटेत. आमचे लोक तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले असं म्हणतात. घरात मराठीच बोलतो, पण ती मराठी पुण्याच्या माणसाने ऐकली तर दर वाक्याला ‘काय म्हणालात?’ करतो. ज्या हॉस्पिटलात मी होते ते मल्लेश्वरमच्या बाजूला. खाजगी, एका ट्रस्टचं, आणि त्याला जोडून मुलींची नर्सिंगची शाळा. साडेतीन वर्षांचा कोर्स, वरच्या मजल्यावर हॉस्टेल. नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, आणि नावाच्या आडून स्वतः निसटायचंही नाही.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. तेव्हा आमच्याकडे नर्सेस टिकत नव्हत्या. दर दोनतीन महिन्यांनी शहरातल्या कुठल्यातरी हॉटेलात आखाती देशांसाठी मुलाखती व्हायच्या, आणि त्या दिवशी आमच्या निम्म्या स्टाफला एकदम पोटदुखी सुरू व्हायची. कुणाला दोष देणार? आमच्या स्टाफ नर्सच्या पगारापेक्षा पर्मनंट झालेल्या लिफ्टवाल्याचा पगार जास्त होता. लिफ्टवाल्यांची युनियन होती. नर्सेसचं काय होतं? ‘सेवा’ होती. दर वर्षी नर्सेस डेला एक गुलाब आणि ‘सेवा’ या विषयावर कुणाचं तरी भाषण, आणि पगारवाढीचं विचारलं की ट्रस्टी हात जोडायचे.

गेलेल्या नर्सेसच्या जागी मग शाळेतल्या मुली उभ्या राहायच्या. कागदोपत्री त्या शिकाऊ. प्रत्यक्षात वॉर्ड त्याच चालवायच्या. एका वॉर्डाला एक तिसऱ्या वर्षाची मुलगी, दोन वॉर्ड मिळून एक स्टाफ नर्स, आणि ती स्टाफ नर्स बहुधा दुसऱ्या वॉर्डात. ड्यूटीचा तक्ता कोण करायचं? मी. कुठली मुलगी सलग किती दिवस विना-सुट्टी चालली आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी तक्ता करायचे आणि वर्गात जाऊन रुग्णाची सुरक्षितता शिकवायचे. दोन्ही कामं एकाच टेबलावर चालायची.

मुली सोडूनही जायच्या. तीस आल्या की विसाच्या आसपास शेवटपर्यंत राहायच्या. सोडून गेलेल्यांचं एक रजिस्टर होतं, त्यात ‘सोडण्याचे कारण’ असा रकाना. तोही माझ्याकडेच. मी लिहायचे — लग्न. घरगुती अडचण. प्रकृती. बहुतेक वेळा लग्नच, कारण त्यावर कुणी पुढे विचारत नसे. ‘दमली’ असं एकदाही लिहिलं नाही. खरं कारण बहुतेकींचं तेच होतं.

आता मंगलचं सांगते.

मंगल निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यातली. वडील शिंपी. बाकीच्या मुली बहुतेक मल्याळी, थोड्या कानडी, आणि ही एकटी मराठी. वडील ट्रंक घेऊन पोचवायला आले तेव्हा बापलेक दोघंही भेदरलेले होते. मी मराठीत ‘बसा’ म्हटलं आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपलं माणूस भेटलं, आता घोर नाही, असं म्हणाले. पोरीला म्हणाले, ह्या तुझ्या अक्का, ह्या सांगतील तसं वागायचं. आणि तिने ते मनावर घेतलं. मी सांगेन तसंच वागायची. तुम्हाला वाटेल हे मी भावनेच्या भरात म्हणते आहे. नाही. हा या गोष्टीतला मुद्द्याचा भाग आहे.

प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एक चार्ट टांगलेला असे. दिवसातून चार वेळा रुग्णाचा ताप बघायचा, त्या वेळेच्या चौकटीत ठिपका घालायचा, मागच्या ठिपक्याशी रेघेने जोडायचा. खाली ज्या मुलीची ड्यूटी तिने आपली आद्याक्षरं लिहायची. काम सोपं आहे. पण वॉर्डात छत्तीस रुग्ण, थर्मामीटर दोन — एक बहुधा फुटलेला — आणि मुलगी एक. प्रत्येकाच्या जिभेखाली दोनदोन मिनिटं धरली तरी किती वेळ जातो बघा. त्यात औषधं, सलाइन, बेडपॅन, नातेवाईक. मग काय करायच्या मुली? खुर्चीवर बसून ठिपके घालायच्या. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा — अधूनमधून स्वल्प वरखाली, म्हणजे खरं वाटावं. त्याला त्यांच्यात नावच होतं: खुर्चीचा ताप. ‘तुझे किती झाले?’ ‘दहा खरे, बाकी खुर्चीचे.’ हसायच्या. मी शिकत होते तेव्हा मीही हेच केलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मी वर्गात शिकवायचे: जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. पुस्तकातलंच वाक्य होतं, मी नुसतं कानडी आणि मराठीत सांगायचे. एकदा मंगलने वर्ग सुटल्यावर विचारलं, बघायला जमलंच नाही तर मग त्या चौकटीत काय लिहायचं? मी घाईत होते. म्हटलं, मोकळी सोड. सही कर, चौकट मोकळी सोड. ज्याला विचारायचं तो विचारील.

असं शंभर मुलींना सांगितलं असेल. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलींना कळतं की वर्गातलं वर्गात ठेवायचं असतं. हिने वॉर्डात नेलं.

तिच्या ड्यूटीचे चार्ट बघितले की लगेच कळायचं. रेघ मध्येच तुटलेली, मोकळी चौकट, आणि खाली स्वच्छ अक्षरात तिची आद्याक्षरं. म्हणजे — मी इथे होते, आणि हे मी केलेलं नाही. वॉर्डातल्या सिस्टर्स वैतागायच्या. बाकीच्या मुली तिला ‘हरिश्चंद्राची नात’ म्हणायच्या. मला काय वाटायचं? बाहेरून वैताग. आतून — थोडा अभिमान. तोही लपवलाच.

मग शाळेची तपासणी ठरली. शाळेची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही हे बघायला कमिटी येणार होती. सुपरिंटेंडेंट बाईंनी मला बोलावून सांगितलं की जुन्या चार्टांत एकही चौकट मोकळी दिसता कामा नये. त्या असं म्हणाल्या नाहीत की खोटे ठिपके घाला. ‘नीट करून घ्या’ म्हणाल्या. आमच्या हॉस्पिटलात ‘नीट करून घ्या’चा अर्थ सगळ्यांना कळायचा.

चार्टाचा एक कागद एका आठवड्याचा. रविवारी नवा लागे आणि जुने गठ्ठ्याने माझ्या टेबलावर फाइलिंगला येत. एका सोमवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मी तो गठ्ठा घेऊन बसले. फ्लास्कमधली कॉफी ओतली. निळं पेन घेतलं. आणि मोकळ्या चौकटी भरत गेले. सणाला दारात ठिपक्यांची रांगोळी काढतो तशी — ठिपका, ठिपका, रेघ. हाताला सवय होती. तासाभरात झालं. बहुतेक चौकटी मंगलच्याच होत्या. नावं वाचली नाहीत, पलंगाचे नंबर बघितले नाहीत. मोकळं दिसलं की भरलं.

वाचायला हवी होती. त्या गठ्ठ्यात फिमेल सर्जिकल वॉर्डातल्या सोळा नंबरच्या बाईंचा कागद होता.

त्या बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्या आठवड्यातल्या शनिवारी तिसरा दिवस होता. शनिवारी संध्याकाळी त्यांना ताप चढला आणि तो कुणी बघितला नाही. रविवारी सकाळी लक्षात आलं तेव्हा त्या ग्लानीत होत्या. पोटात पू झाला होता. पुन्हा ऑपरेशन केलं, महिनाभर त्या आमच्याकडेच होत्या. वाचल्या. पण उठून चालू लागल्या तेव्हा त्यांना बघून त्याच बाई आहेत असं वाटत नव्हतं.

त्यांचा नवरा एका कारखान्यात फोरमन होता. फार शांत माणूस. तपासणी होऊन गेली, शाळेला मान्यता मिळाली, पेढेसुद्धा वाटून झाले, आणि त्यानंतर आठवड्याभराने तो ऑफिसात आला. बायकोचे कागद त्याने मागून बघितले होते. आवाज चढवला नाही. कानडीत म्हणाला की शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मी बायकोजवळ बसलो होतो, तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसत होता. ताप बघायला कुणी आलं नाही. वॉर्डात एकच मुलगी होती आणि ती समोरच्या पलंगाजवळ रक्ताची बाटली धरून उभी होती, तिला हाक मारायची मला लाज वाटली. मग मला एवढंच सांगा, कागदावर सहा वाजता अठ्ठ्याण्णव पॉइंट चार कुठून आलं?

बघा आता. ती चौकट मोकळी असती तर त्या माणसाने काय विचारलं असतं? छत्तीस रुग्णांना एक शिकाऊ मुलगी का, हे विचारलं असतं. हॉस्पिटलला विचारलं असतं. ड्यूटीचा तक्ता करणाऱ्या बाईला विचारलं असतं. पण चौकट मोकळी नव्हती. तिच्यात आकडा होता आणि आकड्याखाली एका मुलीची आद्याक्षरं होती. म्हणजे प्रश्न एका मुलीपुरता उरला.

सुपरिंटेंडेंट बाईंनी मला बोलावून तो कागद पुढे ठेवला. मी ओळखला. मला माझे ठिपके ओळखता येतात — मी आधी बारीक गोल काढते आणि मग भरते. मंगल पेनचं टोक नुसतं टेकवायची. दोन्ही शेजारीशेजारी होते, दुपारी दोनचा तिचा, सहाचा माझा. ज्याला माहीत आहे त्याला दिसावं इतकं स्पष्ट. बाईंना दिसलं नाही. त्या म्हणाल्या, तुमची ती मराठी मुलगी — तिने असं करावं? आणि त्यांच्या बोलण्यात रागापेक्षा सुटका जास्त होती, ते मला ऐकू आलं.

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. ‘बाई, हा मी घातलाय.’ बाई काही राक्षस नव्हत्या. ‘नीट करून घ्या’ त्यांनीच सांगितलं होतं, त्या काय मला फासावर देणार होत्या?

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की एक ठिपका कबूल केला असता तर सगळे कबूल करावे लागले असते, शाळेची मान्यता गेली असती, बाकीच्या मुलींचं नुकसान झालं असतं. ऐकायला बरं वाटतं. पण त्या क्षणी मला बाकीच्या मुली आठवल्या नाहीत. पुढच्या महिन्यात व्हाइस-प्रिन्सिपलच्या जागेसाठी माझं नाव जाणार होतं, ते आठवलं. दहाबारा वर्षं नर्सेसच्या पगारावर काढलेलं माणूस अशा जागेकडे कसं बघतं ते तुम्हाला ठाऊक नसेल. मी म्हटलं, ‘मी बोलते तिच्याशी.’

इथपर्यंतचं सांगायला मला फार जड गेलं नाही. चूक झाली, भीती वाटली, गप्प बसले — माणसं असं करतात. तुम्हीही कधीतरी केलं असेल. पुढचं सांगायचं म्हणून तर एवढं लांबण लावलं.

बाईंनी मला सांगितलं होतं की मुलीकडून लेखी कबुली घ्या. दुपारची वेळ होती, हॉस्टेलमधल्या बाकीच्या मुली ड्यूटीवर. मंगल खोलीत आपल्या ट्रंकेवर बसली होती. मला वाटलं होतं ती भांडेल. मी तिच्याशी भांडायच्या तयारीने गेले होते, खरं म्हणजे ती भांडेल अशी मला आशा होती. तिने तोंडावर सांगितलं असतं की मी ती चौकट मोकळी सोडली होती, तर — तर काय केलं असतं मी? माहीत नाही. ती भांडली नाही. ती हिशेब करत बसली होती. शनिवारी तिचा सलग सतरावा दिवस होता. मला माहीत होतं, तक्ता माझाच. सहा वाजता तिने पलीकडच्या रांगेपासून सुरुवात केली होती, काही जणींचा ताप बघितला, आणि मग त्या रक्त चढवायच्या रुग्णाला थंडी वाजून आली म्हणून तिकडे धावली. नंतर बाकीच्या चौकटी मोकळ्या सोडून सह्या केल्या. सोळा नंबर बघितलेल्यांत होता की राहिलेल्यांत? ते तिला आठवत नव्हतं. कागदावर ठिपका होता. खाली तिची सही होती. ती सही तिचीच, हे तिला दिसत होतं.

तिने माझ्याकडे बघून विचारलं, “अक्का, मीच घातला असंन काय ओ त्यो ठिपका? मला काय आठवंना झालंय. झोपंत घातला असंन काय?”

मी म्हणाले, “दमलं की होतं असं.”

हा माझा गुन्हा. ठिपका नव्हे. बाईंसमोर गप्प बसले तेही नव्हे. एक मुलगी स्वतःच्या हाताबद्दल मला विचारत होती. जगात एकटी मीच तिला खरं सांगू शकत होते. ती कुणावर आळ घेत नव्हती, नुसतं विचारत होती. आणि मी तिला सांगितलं की हो, तुझाच हात. तेही मायेने सांगितलं, पाठीवरून हात फिरवून.

तिने मान हलवली. रडली थोडी, पण तिला मोकळं वाटल्यासारखं दिसलं. कोडं सुटलं होतं ना. इंग्रजी तिचं कच्चं होतं, म्हणून कबुलीचा कागद मीच लिहिला — रुग्णाचा ताप न बघता आकडा लिहिला, याची जबाबदारी माझी, वगैरे. वाचून तिला मराठीत अर्थ सांगितला. तिने सही केली. कागद घडी घालून माझ्या हातात देताना म्हणाली की तुमचं नाव खराब केलं, अक्का.

खोटी नोंद केली तर शाळेतून काढायचं असा नियम होता. बाईंनी नियम पाळला. तिची शेवटची परीक्षा चार महिन्यांवर आली होती. चार महिने राहिली असती तर सर्टिफिकेट मिळालं असतं, आणि सर्टिफिकेट मिळालं की त्या काळात कुठलीही मुलगी दुबईला नाहीतर निदान एखाद्या बऱ्या हॉस्पिटलात जायची. तिच्या वर्गातल्या दोघी गेल्या. एकीने गावी स्लॅबचं घर बांधलं.

वडील न्यायला आले. या खेपेला मी त्यांना ‘बसा’ म्हणाले तरी बसले नाहीत. उभ्यानेच हात जोडले आणि पोरीच्या वतीने माफी मागितली. तुम्ही होता म्हणून पोलिसापर्यंत गेलं नाही असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. निपाणीची तंबाखू बाईमाणसाला कशी द्यायची, म्हणून घरचे शेंगदाण्याचे लाडू डब्यातून आणले होते, ते मला देऊन गेले. डबा परत करायचा राहिला.

त्या दिवशी रजिस्टरात ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात मी पहिल्यांदाच काहीतरी लांबलचक लिहिलं. ‘खोट्या नोंदीबद्दल काढून टाकले.’ सुवाच्य अक्षरात. मला व्हाइस-प्रिन्सिपलची जागा मिळाली. पगार वाढला, आम्ही घरी गॅसचं दुसरं सिलिंडर घेतलं, अण्णाने सगळ्यांना मसाला डोसा खाऊ घातला.

अजून एक आहे. हे सांगितलं नाही तर कबुली अर्धीच राहील. दर वर्षी नवी बॅच आली की नोंदी कशा ठेवायच्या याचा पहिला वर्ग मी घ्यायचे. आणि त्या वर्गात एका मुलीची गोष्ट सांगायचे. नाव न घेता. एक हुशार मुलगी होती, तिने न बघता ताप लिहिला, एका बाईचा जीव जाता जाता राहिला, मुलीचं आयुष्य वाया गेलं. मुली वहीत लिहून घ्यायच्या. एखादीच्या डोळ्यांत पाणी यायचं. फार परिणामकारक गोष्ट होती ती. सांगता सांगता मी ती चांगलीच रंगवायला लागले होते. एका वर्षी तर मी त्या मुलीला थोडी उद्धट केली. पुढच्या वर्षी आळशी.

का केलं असं? पहिल्या वर्षी बाईंनीच सुचवलं होतं. पुढे? पुढे कुणी सुचवत नव्हतं. मीच करत होते.

मंगल मला पुन्हा एकदा भेटली. ते दशक संपत आलं होतं. मी मावसबहिणीच्या नातवाच्या बारशाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला गेले होते, परतताना स्टेशनवर गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. समोरून एक बाई हातात पिशवी घेऊन आली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितल्यावर ओळखलं. लग्न होऊन ती परत बेंगळुरातच आली होती. नवरा गोदामात कामाला, एक मुलगी होती, आणि ती स्वतः तिथल्याच एका गार्मेंट कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवायची. शिंप्याची मुलगी, म्हणाली हसून, शेवटी मशीनवरच आली. तिने जवळच्या हॉटेलातून कॉफी आणली, माझे पैसे घेतले नाहीत. बाईंची चौकशी केली, वर्गातल्या मुलींची केली. कुठे राग नव्हता. मी रागाची वाट बघत होते आणि तो येत नव्हता.

काहीतरी विचारायचं म्हणून मी कारखान्याचं विचारलं. तिने सांगितलं की काम बरं आहे, सुपरवायझरही चांगला आहे, त्याने हिला चेकर करा म्हणून दोनदा वर सांगितलं. चेकर म्हणजे बसून काम, पगारही जास्त. शिवून आलेला माल तपासायचा आणि किती बरा, किती खराब ते वहीत लिहून सही करायची. तिने दोन्ही वेळा नको म्हटलं.

का, म्हणून मी विचारलं नाही. तिने आपण होऊन सांगितलं.

“लिवायचं काम नको वाटतंय, अक्का. ह्या हाताचा भरवसा नाही मला.”

गाडी यायला अजून वेळ होता. फलाटावर आमच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, तिला माझं मत हवं होतं.

मी म्हणाले, “बरं केलंस.”

तिला हायसं वाटलं. माझ्या हातातला रिकामा कप घेऊन ती तो टाकायला गेली.